नेव्हिलचं अर्धं बोट

ग्वेंडा ट्रेलोरने त्या सकाळी किम्बाच्या मुक्कामावर गाडीतल्या संडासाची पेटी शेवटची रिकामी केली, आणि प्रवास म्हणजे काय याची व्याख्या तिच्यापुरती पक्की झाली. प्रवास म्हणजे आपला संडास आपल्या हातात धरून मैदान ओलांडायचं, आणि वाटेत भेटेल त्याला हसून "काय सुरेख सकाळ आहे, नाही का?" म्हणायचं.

सकाळ सुरेख होतीच, त्याबद्दल तिची तक्रार नव्हती. गहू पिवळा पडायला लागला होता. धान्याच्या उंच कोठारांवर गुलाबी गलाह पोपटांनी बाजार भरवला होता. आभाळ घासूनपुसून पालथ्या घातलेल्या पातेल्यासारखं लखलखत होतं. पण ईस्टर झाल्यावर घर सोडलेली ही बाई ऑक्टोबर आला तरी सुरेखच बघत होती. सुरेख समुद्र, सुरेख लाल माती, सुरेख सूर्यास्त. गाडीत राहणाऱ्या लोकांना सूर्यास्ताची सक्तीच असते. संध्याकाळ झाली की घडीच्या खुर्च्या पश्चिमेकडे तोंड करून मांडायच्या, हातात पेला धरायचा, आणि सूर्य बुडाला की जणू आपणच तो बुडवला अशा समाधानाने एकमेकांकडे बघायचं. अलीकडे ग्वेंडा सूर्याकडे पाठ करून भांडी घासत असे.

ती दमली होती. गुडघा क्लचवर कुरकुरत होता. पाठीला गादीच्या खळग्याचा आकार आला होता. गाडीतलं डावीकडचं कपाट प्रत्येक वळणावर आपणहून उघडायचं आणि बीन्सचा डबा तिच्या दिशेने भिरकावायचं. "थांब, घरी गेल्यावर बघते तुला," असं ती त्याला रोज बजावायची. कपाट तिच्या नवऱ्याने, नेव्हिलने, स्वतःच्या हाताने केलेलं होतं. त्यामुळे त्या बजावण्यातला थोडा भाग नेव्हिलच्याही वाट्याचा असे.

निघताना तिने पायरीखालचे बूट उचलून आत टाकले. हे बूटही नेव्हिलचेच, होडीएवढे, टाचेला झिजलेले. घर सोडलं त्या सकाळी ते तिला पायरीवर दिसले, तेव्हा "स्वतः यायला नको, वर आपली अडगळ माझ्या गाडीत!" म्हणून ती फणफणली होती. पुढे सेडुनाच्या मुक्कामावर एकटीने हिंडणारी दुसरी एक बाई भेटली. तिच्याही दाराबाहेर भलेमोठे पुरुषी बूट.

"माझे जुन्या बाजारातले," ती बाई म्हणाली. "बाहेर ठेवले की लोकांना वाटतं, आत एवढ्या पायाचा बाप्या आहे. तुला कुणी सांगितली गं ही युक्ती?"

नेव्हिलने सांगितली म्हणावं, तर नेव्हिल काही बोललाच नव्हता. नेव्हिलचं सगळं सांगणं हे असंच असायचं.

तेव्हापासून बूट रोज संध्याकाळी बाहेर आणि रोज सकाळी आत. "एकट्याच फिरता?" असं कुणी विचारलं की ती बुटांकडे बोट दाखवायची आणि म्हणायची, "नाही हो, नवरा झोपलाय आत." सगळ्या पश्चिम किनाऱ्यावर नेव्हिल ट्रेलोर म्हणजे अखंड झोपणारा माणूस अशी ख्याती झाली होती.

खरा नेव्हिल विराबीनमध्ये जागा होता. विराबीन म्हणजे एक रस्ता, एक पब, एक कोठार आणि एकमेकांचं सगळं ठाऊक असलेली माणसं. नेव्हिलने तिथल्या शाळेची बस चालवण्यात उमर घालवली. तोच रस्ता, त्याच फाटकांपाशी थांबायचं, आणि चहाच्या वेळेला घरी. निवृत्त झाल्यावर दोघांनी मिळून ही जुनी गाडी घेतली. दोन वर्षं खपून त्याने तिच्यात पलंग केला, चूल बसवली, ते नतद्रष्ट कपाट केलं. गावाने सभागृहात निरोपसमारंभ ठेवला. आपापलं भरलेलं ताट घेऊन या, असं सांगितल्यावर जेवढी माणसं तेवढी ताटं आली. अंड्यांची सँडविचं, सॉसेज रोल, खोबऱ्यात घोळवलेले लॅमिंग्टन केक यांच्या राशी लागल्या. दोघांना दोन उशा भेट मिळाल्या, एकीवर 'तो', एकीवर 'ती'.

आणि समारंभाहून परतताना नेव्हिल म्हणाला, "ग्वेन, मी नाही येत."

"का?"

"कोंबड्या आहेत."

"कोंबड्या शेजारचा एल्विन बघतो म्हणालाय."

"एल्विनला त्यांच्यातलं कळत नाही."

"मग मी एकटी जाते," ती म्हणाली.

"जा," तो म्हणाला.

तो आपल्याला फाटकापाशी अडवेल अशी तिची अटकळ. ती चौरस्त्यावरून परत फिरेल अशी त्याची अटकळ. दोघांचीही चुकली. पोर्ट ऑगस्टाला पोचेपर्यंत राग ओसरला आणि तिने गाडी वळवायचं मनावरही घेतलं होतं. पण ज्या गावाने तुमच्या नावाने एवढं खाल्लं, त्या गावात चार दिवसांत तोंड घेऊन परतता येत नाही. निव्वळ लॅमिंग्टनच्या लाजेखातर ग्वेंडा ट्रेलोर नलरबोरचं माळरान ओलांडून थेट पार वायव्येच्या टोकाला, ब्रूमपर्यंत गेली.

दर रविवारी ती फोन करायची. नेव्हिल कोंबड्यांची खबर द्यायचा.

"काळी खुडूक बसलीय."

"बरं."

"तांबडी अंडी लपवते."

"बरं. नेव्ह, आज मी देवमासा पाहिला. एवढा मोठा, की—"

"थांब, कोल्हा आला वाटतं." आणि फोन बंद.

गेल्या रविवारी मात्र तिने कोंबड्यांचा विषय निघूच दिला नाही. "शुक्रवारी दुपारी मी क्वॉर्नला पोचते. बेकरीपाशी ये. तिथून बरोबर घरी जाऊ."

"क्वॉर्न लांब पडतं गं."

"मी ब्रूमहून येतेय, नेव्ह."

"बघतो," तो म्हणाला.

त्या 'बघतो'वर ती दोन दिवस झोपली नाही. तिसऱ्या दिवशी तिने व्हिक्टर हार्बरला आपल्या बहिणीला फोन लावला. "बेरिल, तुझी मागची खोली रिकामी आहे ना?"

"आहे की. का गं?"

"नेव्ह क्वॉर्नला आला तर मी त्याच्याबरोबर घरी जाईन. नाही आला, तर त्याचे बूट फाटकात ठेवून तुझ्याकडे येईन. राहायला. मी गेलेली ज्या घराला कळलंच नाही, त्या घरात मी कशाला परत जाऊ?"

"चादर बदलून ठेवते," ती म्हणाली. नेहमीची बेरिल असती तर हसली असती. ती हसली नाही, याचंच ग्वेंडाला भय वाटलं.

किम्बा मागं पडलं. रस्ता सरळ, गाड्या थोड्या. आणि आमच्याकडचा रस्ता म्हटला की बोट आलंच. समोरून गाडी आली की चाकावरचा हात न काढता तर्जनी तेवढी वर करायची. एवढाच नमस्कार. सबंध हात हलवला की समजावं, माणूस शहरातला आहे आणि त्याला फार आनंद झालेला आहे. मुळीच बोट केलं नाही, तर तो घरी पोचायच्या आत गावात विचारणा सुरू होते की, त्याचं बिनसलंय कुणाशी, की तब्येत बरी नाही, की जमीन विकतोय?

या विद्येत नेव्हिलचा हात कुणी धरला नसता. खरं म्हणजे बोट. त्याच्या तर्जनीचं वरचं पेर बसच्या दारात गेलं होतं, कुणा पोराचं अडकलेलं दप्तर सोडवताना. उरलेलं अर्धं बोट तो सगळ्या तालुक्याला दाखवत फिरायचा. पोरांना त्याने दर वर्षी नवं कारण सांगितलं. कधी शार्कने खाल्लं, कधी इमूने, एकदा तर मुख्याध्यापिकेने. लग्नाच्या दिवशी ग्वेंडा चर्चच्या दारात आली, तेव्हा नवरदेवाने वेदीपाशी उभं राहून तिला बोट केलं होतं. तेव्हा ते पूर्ण होतं, इतकाच फरक. तिच्या आईने कपाळाला हात लावला होता. ग्वेंडाला मात्र त्या एका बोटात सगळं पोचलं होतं.

या प्रवासात तिनेही इमानाने बोट वर केलं. माळरानावर तीन-तीन डबे ओढणाऱ्या अजस्र ट्रकवाल्यांना केलं, खाणीतल्या गाड्यांना केलं, हात हलवणाऱ्या शहरी जोडप्यांना केलं. आज आयर्न नॉब गाव मागं गेलं आणि तिच्या लक्षात आलं की बोट उचलत नाहीये. दुखत नव्हतं, नुसतं उचलत नव्हतं. सगळ्या अंगाने काम थांबवलं असताना एकट्या बोटाने का राबावं?

"आज सुट्टी," ती बोटाला म्हणाली. समोरून येणारे आपले बोट करून जात राहिले आणि ती दोन्ही हातांनी चाक धरून नाकासमोर बघत राहिली. आपल्याला लाज वाटेल असं तिला वाटलं होतं. तेवढंही बळ नव्हतं.

पोर्ट ऑगस्टा मागं टाकून ती पिची रिचीच्या घाटाला लागली. वळणं सुरू झाली. तिसऱ्या की चौथ्या वळणावर समोरून एक पांढरी यूट आली. मागं उघडा हौदा असलेली ही गाडी आमच्याकडे दर घरी एक असते, आणि ती पांढरीच असते. नेमकं त्याच वळणावर कपाट उघडलं आणि बीन्सचा डबा ग्वेंडाच्या कोपरावर येऊन आदळला. "मेल्या!" ती कपाटावर ओरडली. यूट मागं निघून गेली.

क्वॉर्नला दुपार होत आली होती. बेकरीपुढच्या बाकापाशी कुणी नव्हतं. रस्ता बघून घेतला, पलीकडचं रेल्वे स्टेशन बघून घेतलं. नेव्हिलची हिरवी गाडी कुठेच नव्हती.

आत रेलीन होती. बेकरी तिचीच, आणि आवाजही सगळ्या बेकरीला पुरेल असा.

"काय देऊ गं पोरी?"

"एक पेस्टी." पेस्टी म्हणजे आपल्या करंजीची थोरली बहीण. पोटात गोमांस, बटाटा आणि सलगम. "आणि चहा. मोठा."

"लांबून आलेली दिसतेस. एकटीच?"

आणि ग्वेंडाच्या तोंडून सवयीने गेलं, "नाही, नवरा झोपलाय गाडीत."

"मग त्यालाही देते की एक! उठला की भूक लागेल बिचाऱ्याला." रेलीनने दुसरी पेस्टी कागदात गुंडाळलीसुद्धा. आता काय सांगणार? ग्वेंडा दोन पेस्ट्या घेऊन बाहेरच्या बाकावर बसली. आपली खाल्ली. नवऱ्याची समोर ठेवली.

तिने घरी फोन लावला. वाजून वाजून थांबला. नेव्हिलचा मोबाइल भिंतीला जोडलेलाच असतो. बाहेर नेला तर पडेल, म्हणून तो मोबाइल घरात ठेवतो. कोंबड्यांत असेल, तिने स्वतःला सांगितलं. मग तिला वाटलं, हेच तर. कोंबड्यांतच असेल.

बाकाची सावली सरकली. चहा संपला. पेस्टीचा कागद तेलाने पारदर्शक झाला. रेलीन टेबल पुसायला म्हणून बाहेर आली, गाडीकडे बघून म्हणाली, "कुंभकर्णच दिसतोय गं तुझा," आणि आत गेली. माश्या आल्या. ग्वेंडाने त्या हाकलल्यासुद्धा नाहीत. मनातल्या मनात तिने बूट फाटकापाशी ठेवून पाहिले. एकाशेजारी एक ठेवायचे की नुसते टाकून द्यायचे? एवढं सगळं ओलांडून आलेल्या बाईला या शेवटच्या तुकड्याचं ओझं झालं होतं. व्हिक्टर हार्बर म्हणजे आणखी अर्ध्या दिवसाचं चालवणं. पण बेरिलने चादर बदलली असेल. तिने फोन काढून बेरिलचं नाव शोधायला घेतलं.

रस्त्याने एक पांढरी यूट हळूहळू येत होती, घाटाच्या बाजूने. इतकी हळू, की थांबायचं की नाही याचा गाडीलाच निर्णय होत नसावा. बेकरीसमोर आली. थांबली नाही. चाकावरून काहीतरी वर आलं आणि लगेच खाली गेलं.

अर्धं बोट होतं.

ग्वेंडा उभी राहिली. बोटाबिटाचं तिला भान राहिलं नाही. तिने अख्खा हात वर केला, मग दुसराही केला, नवऱ्याच्या पेस्टीसकट. एखाद्या शहरातल्या बाईनेसुद्धा इतकं केलं नसतं. "नेव्ह!" ती ओरडली. "नेव्हिल ट्रेलोर! कुठं चाललास?"

यूट पुढं जाऊन कचकन थांबली. बऱ्याच वेळाने दार उघडलं. नेव्हिल उतरला, चर्चला घालायचा शर्ट घालून, हातात डबा घेऊन. आपण या गावात अनोळखी आहोत अशा चालीने तो बाकापर्यंत आला.

"बसू का?" त्याने विचारलं.

"मग काय, रस्त्यात उभ्याने बोलायचंय? बस. ही गाडी कुणाची?"

"एल्विनची. आपली सुरू होईना." तो बाकाच्या टोकावर बसला. "मला वाटलं, तुला मी नकोय."

"काय?"

"मी सकाळीच आलो इथं. तू आली नव्हतीस. म्हटलं थोडं पुढं जाऊन गाठावं. घाटात दिसलीस. मी बोट केलं." त्याने टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. "तू केलं नाहीस."

ग्वेंडाने हातातली पेस्टी बाकावर ठेवली.

"समोर बघत होतीस नाकासमोर," नेव्हिल म्हणाला. "म्हटलं, बरोबरच आहे तिचं. मग वर एका झाडाखाली बसलो. बराच वेळ. म्हटलं, आता आपलं घरी जावं."

"नेव्ह, वळणावर बोटं कोण बघतं रे? आणि परक्याच्या गाडीतून! आणि तेही तुझं बोट! चाकाच्या वर तरी येतं का ते?"

"सगळ्यांना दिसतं."

"विराबीनमध्ये दिसतं. ते तिथं असणारच हे ठाऊक असतं म्हणून दिसतं. मला त्या वेळी तुझं कपाट बीन्स फेकून मारत होतं!"

"ते अजून उघडतं?" नेव्हिलने पहिल्यांदा मान वर केली. त्याला खरंच वाईट वाटलेलं दिसलं.

"आणि आज मी कुणालाच बोट केलं नाही. राणी आली असती तरी केलं नसतं. दमलेय रे मी. बोटसुद्धा दमलंय."

नेव्हिलने डबा उघडला. अंड्यांची सँडविचं होती, काठ कापलेली. ज्या माणसाने जन्मात कधी पावाला सुरी लावली नव्हती, त्याने काठ कापले होते. तेही वाकडे.

"काळीची अंडी," तो म्हणाला.

"ती खुडूक होती ना?"

"उठली."

ग्वेंडाने एक उचललं. मीठ नव्हतं. तिने ते सगळं खाल्लं.

"कोंबड्यांमुळे नव्हतं ते," नेव्हिल रस्त्याकडे बघत म्हणाला.

"ठाऊक आहे मला. मग कशामुळे?"

"हसशील."

"हसायला अंगात काही उरलंय का?"

"मला वाटलं, तिकडं मला कुणी ओळखत नाही. मी बोट करीन, आणि समोरचा करणार नाही. तो काही चुकला नसेल, त्याला काय माहीत मी कोण. पण दिवसभर तेच. रोज तेच. त्याची भीती वाटली. आणि आज एवढं धाडस करून निघालो, तर बोट न करणारी पहिली गाडी तुझी."

ग्वेंडाला हसू आलं आणि पुरेसं यायच्या आतच त्याचं दुसरंच काही झालं. तिने बाहीने डोळे पुसले. "सगळे करतात रे परत," ती म्हणाली. "माळरानावरही करतात. ते डोंगराएवढे ट्रकवाले, तेसुद्धा. मी रविवारी तेच सांगायला फोन करायचे. तुझा कोल्हा यायचा."

दारात रेलीन उभी होती. तिने एकदा गाडीकडे पाहिलं, एकदा नेव्हिलकडे.

"काय गं," ती म्हणाली, "हा आत झोपला होता ना? मग यूटमधून कसा आला?"

"झोपेत चालतो," ग्वेंडा म्हणाली. "त्याची पेस्टी जरा गरम करून देशील?"

एल्विनची यूट रेलीनच्या मागच्या अंगणात ठेवायचं ठरलं. एल्विन बोंबलणार होताच, पण तो एरवीही बोंबलायचा. नेव्हिल गाडीत चढला, तेव्हा पायरीशी त्याला आपले बूट दिसले.

"उपयोगी पडले?" त्याने विचारलं.

"पडले," ती म्हणाली.

तो चाकामागे बसला. स्वतः बांधलेल्या गाडीत तो प्रवासाला म्हणून पहिल्यांदाच बसत होता. ग्वेंडा शेजारच्या आसनावर. तिथून रस्ता कसा दिसतो हे तिला ठाऊकच नव्हतं. तिने चपला काढल्या, पाय वर घेतले आणि 'तो' लिहिलेली उशी मानेखाली घातली.

गाव सुटल्यावर नेव्हिल घसा खाकरून म्हणाला, "एल्विन उद्यापर्यंत कोंबड्या बघतोय. पुढं ओढ्याकाठी मुक्कामाची जागा आहे म्हणतात. एक रात्र राहू या म्हटलं, गाडीत. तुझी इच्छा असेल तर."

मघाशी डोळ्यांत आलेलं पाणी पुन्हा येण्याचीच वेळ होती. पण ग्वेंडा ट्रेलोरने ती येऊ दिली नाही.

"नेव्हिल," ती म्हणाली, "याच्यासाठी मी दोन वर्षं आणि वर हा अख्खा हिवाळा वाट बघितली. आणि आता जर मला कुणी माझ्या स्वतःच्या पलंगावर, माझ्या स्वतःच्या संडासाजवळ नेऊन सोडलं नाही, तर मी त्याचं उरलेलं बोटही ठेवणार नाही. घरी चल."

"बरं," नेव्हिल म्हणाला. त्याला हायसं वाटलं, आणि ते लपवायला त्याने आरशात बघितलं. "पुढच्या वर्षी?"

"आधी झोपू दे."

वळण आलं. कपाट उघडलं, डबा गडगडला. नेव्हिलने मागं वळून न बघता म्हटलं, "खिटी चुकीच्या बाजूला लावलीय मी."

"सहा महिने सांगतेय मी त्याला," डोळे मिटून ग्वेंडा पुटपुटली.

समोरून एक गाडी येत होती. परक्या नंबराची, टपावर खुर्च्या बांधलेली. नेव्हिलने चाकावरचं अर्धं बोट उचललं. गाडी जवळ आली, शेजारून सुटली, मागं गेली. गाडीत थोडा वेळ नुसता इंजिनाचा आवाज.

"केलं का त्यानं परत?" ग्वेंडाने डोळे न उघडता विचारलं.

"केलं."

"बघ," ती म्हणाली, आणि झोपली.